पाटाची गळती आणि पीएसएचा आकडा

आरोग्याची शिदोरी



आजचा विषय जरा संकोचाचा आहे. दात दुखला तर माणूस चावडीवर सांगतो, गुडघा धरला तर पारावर बसून दाखवतो. पण लघवीचा त्रास सुरू झाला की बाप्या माणूस तोंड शिवून बसतो. मुलाशी बोलायची लाज, सुनेसमोर बोलायची लाज आणि डॉक्टरांपुढे तर त्याहून लाज. ही लाज पुढे फार महाग पडते. म्हणून आज ती बाजूला ठेवून चार गोष्टी सरळ बोलू. घरातल्या बायकांनीही हे वाचावे. म्हाताऱ्या माणसाची रात्रीची उठबस आधी त्यांनाच कळते.

मृग लागायच्या सुमारास राहुरी तालुक्यातून एका सुनेचे पत्र आले होते. त्या वेळी आम्ही त्यांना टपालानेच उत्तर धाडले. आता दिवाळी झाल्यावर त्यांचे दुसरे पत्र आले आहे. दोन्ही पत्रांत मिळून जे घडले ते पुष्कळ घरांना उपयोगी पडेल, म्हणून त्यांच्या परवानगीने, नावगाव वगळून, इथे देत आहोत.

पहिले पत्र असे होते:

“सप्रेम नमस्कार. आमचे मामंजी ६८ वर्षांचे आहेत. अजून ऊस, कांदा स्वतः बघतात. तीनचार वर्षं झाली, रात्रीतून पाच-सहा वेळा उठतात. धार बारीक झाली, जोर लावावा लागतो. विचारलं तर म्हणतात, वय झालं, चालायचंच. मे महिन्यात रात्रीची लाईट होती म्हणून मळ्यात पाणी धरायला गेले आणि तिथंच लघवी तुंबली. पहाटेपर्यंत पोट दगडासारखं झालं. मालकांनी मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. नळी घातली तेव्हा कुठं जीव शांत झाला. चौथ्या दिवशी रक्त तपासलं. पीएसए म्हणून काही असतं, ते १८.६ आलं. शेजारी छापलंय की ० ते ४ पाहिजे. गावात कुणी म्हणालं, हा कॅन्सरचा आकडा. तेव्हापासून घरात धड चूल पेटत नाही. मालकांनी विहिरीकडचं एक एकर विकायला काढलंय. मामंजी म्हणतात, माझ्यापायी जमीन विकाल तर अन्न सोडीन; मला दिंडीला जाऊ द्या, काय व्हायचं ते पांडुरंगाच्या पायाशी होऊ द्या. तुम्हीच सांगा, हा आकडा म्हणजे कॅन्सरच का?”

उत्तरात आम्ही पहिले वाक्य लिहिले ते असे: “ताई, एकराचा सौदा आधी थांबवा. आकडा म्हणजे रोग नव्हे.” दुसरे वाक्य असे: “पण म्हणून कागद फळीवर टाकून विसरूही नका.” या दोन वाक्यांच्या मधली जी वाट आहे, ती आज समजून घ्यायची.

प्रोस्टेट म्हणजे काय?

पुस्तकात हिला पुरःस्थ ग्रंथी म्हणतात, दवाखान्यात मात्र प्रोस्टेट हाच शब्द चालतो. ही ग्रंथी फक्त पुरुषांना असते. लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी ती बसलेली असते आणि लघवीची नळी तिच्या मधोमध जाते. तरुणपणी ती मोठ्या आवळ्याएवढी, म्हणजे २० ते २५ सीसी असते. वय वाढेल तशी ती वाढते. साठीच्या पुढे निम्म्याअधिक पुरुषांत ती कमीजास्त वाढलेली सापडते. या वाढीला कॅन्सर म्हणत नाहीत. ही साधी वाढ. पण नळी मधून जात असल्यामुळे ग्रंथी फुगली की नळी आवळली जाते. धार बारीक होते, थांबत थांबत होते, पिशवी पुरी रिकामी होत नाही आणि एखाद्या रात्री साफ तुंबते. आमच्या ताईंच्या मामंजींचे हेच झाले.

कॅन्सर ही वेगळी गोष्ट. तो बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या अंगाला, नळीपासून दूर सुरू होतो. त्यामुळे सुरुवातीला लघवीला काहीच त्रास होत नाही. म्हणजे ज्याला त्रास आहे त्याला कॅन्सर असेलच असे नाही आणि ज्याला त्रास नाही तो सुटला असेही नाही. इथेच लोकांचा घोटाळा होतो.

पीएसए कुठून येते?

प्रोस्टेट एक प्रथिन तयार करते, त्याचे नाव पीएसए. वीर्य पातळ ठेवणे हे त्याचे काम. त्याची खरी जागा ग्रंथीच्या आतल्या बारीक नळ्यांत. रक्तात ते अगदी थोडे पाझरते आणि रक्ताच्या तपासणीत हा पाझरच मोजला जातो. १९७९ साली अमेरिकेतल्या बफेलो गावच्या रॉसवेल पार्क संस्थेतल्या संशोधकांनी हे प्रथिन प्रोस्टेटमधून वेगळे काढले. १९८६ साली तिथल्या सरकारने या तपासणीला मान्यता दिली, ती आधीच कॅन्सर झालेल्या रोग्यांवर नजर ठेवण्यासाठी. रोग शोधण्याच्या कामी मान्यता १९९४ साली मिळाली.

मुळा-प्रवरेच्या पाटाखाली ज्यांची शेती आहे त्यांना पाझर म्हणजे काय हे सांगायला नको. मातीचा पाट म्हटला की थोडे पाणी झिरपणारच. पाट लांब असेल तर एकूण पाझर जास्त, आखूड चारी असेल तर कमी. त्यात दोष कुणाचा नाही. पण समजा, लांब पाटातून जेवढे पाणी जाते तेवढेच एका आखूड चारीतून जायला लागले, तर पाटकरी काय म्हणेल? इथे खेकड्याने बीळ केले आहे, भराव कुठेतरी फुटला आहे, चला बघायला.

प्रोस्टेटचे गणितही असेच आहे. ग्रंथी साध्या वाढीने मोठी झाली तर पीएसए थोडे जास्त येणारच. तो लांब पाटाचा पाझर. पण ग्रंथी लहान आणि पीएसए जास्त, तर शंका घ्यावी. कॅन्सर नळ्यांच्या भिंती मोडतो आणि पीएसए रक्तात जास्त सुटते. ते खेकड्याचे बीळ.

नुसता आकडा बघून हे दोन पाझर वेगळे करता येत नाहीत. परदेशातला अनुभव असा की, पीएसए ४ ते १० च्या दरम्यान आलेल्या माणसांची सुईने तुकडा काढून तपासणी केली, तर साधारण चारांतल्या एकालाच कॅन्सर निघतो. बाकीच्या तिघांना सुया फुकट टोचल्या गेल्या. उलट बाजूही आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीत, ज्यांचा पीएसए ४ च्या आत होता अशांतही शंभरात सुमारे १५ जणांना कॅन्सर सापडला. तेव्हा ४ ही काही शेताच्या बांधासारखी रेघ नव्हे.

एक साधा भागाकार

यावर १९९२ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले मिचेल बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सोपी युक्ती मांडली. पीएसएच्या आकड्याला ग्रंथीच्या आकारमानाने भागायचे. जो भागाकार येतो त्याला पीएसए डेन्सिटी, आपल्या भाषेत पीएसएची घनता म्हणायचे. आपण उसाचे एकूण टन ऐकून शेत चांगले की वाईट ठरवत नाही, एकरी किती पडला ते विचारतो. हेही तसेच. फरक एवढाच की उसाचा एकरी आकडा मोठा आला तर पेढे वाटतात, इथे मोठा आला तर दवाखाना गाठायचा.

आकारमान कसे काढतात? सोनोग्राफीच्या कागदावर प्रोस्टेटची तीन मापे सेंटिमीटरमध्ये असतात. दगडाचे किंवा मुरमाचे ब्रास काढताना आपण लांबी, रुंदी, उंची गुणतो, तशी ही तीन मापे गुणायची. पण प्रोस्टेट पेटीसारखी चौकोनी नसून अंड्यासारखी गोलसर असते, म्हणून आलेल्या गुणाकाराला पुन्हा ०.५२ ने गुणायचे. उत्तर सीसीमध्ये येते. पुष्कळ कागदांवर ते तयारच लिहिलेले असते. कुठे सीसीऐवजी ग्रॅम लिहितात. दोन्ही जवळजवळ एकच धरले तरी चालते.

मामंजींची मापे होती ४.९, ५.३ आणि ४.६. गुणाकार करून ०.५२ ने गुणले की ६२ सीसी येतात. म्हणजे आवळ्याची ग्रंथी मध्यम कांद्याएवढी झालेली.

घनता साधारणपणे ०.१५ च्या वर गेली तर डॉक्टर सावध होतात. ०.१० च्या खाली असली तर धोका कमी समजतात. ०.२० च्या वर गेली तर शंका बळावते. मधल्या पट्ट्यात बाकीच्या गोष्टी बघून ठरवायचे.

आता मामंजींचे १८.६ भागिले ६२ करा. उत्तर ०.३० येते. म्हणजे भागाकारही कॅन्सरकडेच बोट दाखवतो! मग आम्ही सौदा थांबवा असे का लिहिले?

गढूळ पाण्याचे माप

कारण रक्त चुकीच्या वेळी घेतले होते. पाटाला पूर आला असताना पाझर मोजून काय उपयोग? लघवी तुंबली, नळी घातली, लघवीत जंतू झाले, यांतल्या प्रत्येक गोष्टीने पीएसए वाढते, कधी कधी काही पटींनी वाढते. मामंजींच्या बाबतीत तर तिन्ही झाले होते; लघवीच्या तपासणीत पू पेशी दिसत होत्या. अशा वेळी घेतलेल्या आकड्याला भागले काय आणि गुणले काय, उत्तर खोटेच येणार. वरचा आकडा स्वच्छ असेल तरच भागाकाराला अर्थ.

म्हणून आम्ही लिहिले की, जंतूंचा इलाज पुरा करा, नळी निघू द्या, त्यानंतर सहा ते आठ आठवडे थांबून पीएसए पुन्हा तपासा. एवढ्या वेळात प्रोस्टेटचा कॅन्सर असला तरी सहसा धावत सुटत नाही, पण डॉक्टरांना विचारूनच थांबा. आणि दरम्यान युरोसर्जनकडून बोटाने तपासणी करून घ्या.

ही बोटाची तपासणी म्हणजे गुदद्वारातून बोट घालून प्रोस्टेट चाचपणे. एका मिनिटाचे काम आहे. याच तपासणीला आपली माणसे सर्वांत जास्त घाबरतात आणि दवाखान्यातून पळ काढतात. गाय भरली की नाही हे डॉक्टर हात घालून बघतात तेव्हा आपल्याला नवल वाटत नाही, मग स्वतःच्या वेळी एवढे अवघडायचे कशाला? साधी वाढ बोटाला मऊ, रबरासारखी लागते. कॅन्सरची गाठ दगडासारखी टणक लागू शकते. तशी गाठ लागली तर घनता कितीही कमी असो, पुढची तपासणी करावीच लागते.

दुसरे पत्र

आता ताईंचे दुसरे पत्र, थोडक्यात.

“तुमचं पत्र आलं आणि सौदा थांबवला. गोळ्या सुरू झाल्यावर दहा दिवसांनी नळी काढली, लघवी आपसूक व्हायला लागली. मामंजींची पायी दिंडी यंदा चुकली, पण एकादशीला एसटीनं पंढरपूरला जाऊन आले. ऑगस्टमध्ये पीएसए पुन्हा तपासलं. ७.४ आलं. मी स्वतः भागाकार केला, ०.१२ आला. बोटाच्या तपासणीत डॉक्टरांना काही टणक लागलं नाही. एमआरआय काढला, त्यातही संशयाची जागा दिसली नाही. डॉक्टर म्हणाले, आता सुई नको, सहा महिन्यांनी पीएसए पुन्हा बघू. मामंजी कांद्याच्या रोपाला लागले आहेत.

पण पत्र लिहायचं कारण दुसरंच आहे. मामंजींचे धाकटे भाऊ, आमचे तात्या, ६४ वर्षांचे. दवाखान्यात प्रत्येक खेपेला तेच सोबत यायचे. एकदा हसत हसत म्हणाले, आलोच आहे तर माझंही रक्त बघा. त्यांना लघवीचा काहीच त्रास नव्हता. आकडा आला ४.९. घरात सगळे म्हणाले, दादांचा अठरा होता तरी काही निघालं नाही, तुमचा तर जरासाच वर आहे. तात्यांनी कागद घडी करून टोपीत ठेवला. मला राहवेना. मी सोनोग्राफीचा कागद काढला. ३.५, ३.७ आणि ३.३. गुणाकार केला तर २२ सीसी. भागाकार ०.२२. दोनदा करून पाहिला. मग मालकांना म्हटलं, तात्यांना परत न्या. ते म्हणाले, तू डॉक्टर झालीस का? मी म्हटलं, डॉक्टर नाही झाले, पण भागाकार येतो.

डॉक्टरांनी पीएसए पुन्हा तपासलं, तेवढंच आलं. एमआरआयमध्ये एक डाग दिसला. सुईनं तुकडे काढले. कॅन्सर आहे. पण प्रोस्टेटच्या आतच आहे, हाडात गेलेला नाही. ऑपरेशन करायचं की रेडिएशन घ्यायचं, ते आता ठरतंय. तात्या म्हणतात, सूनबाई, टोपीतला कागद तू काढला नसतास तर मी तो धुण्यात घातला असता.”

बंधू-भगिनींनो, या पत्राला आम्ही काय जोड द्यावी? ज्याच्यासाठी घर रडत होते त्याचे वाचले आणि ज्याच्यावर घर हसत होते त्याच्यात रोग निघाला. दोघांचे कागद एकाच घरात होते. १८.६ आणि ४.९ हे आकडे नुसते शेजारी ठेवले तर उलटाच निवाडा होतो. ग्रंथीचे माप आणि रक्त घेण्याची वेळ जोडल्यावर तो सरळ झाला.

भागाकारावर किती विसंबावे?

आता याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर उद्या प्रत्येक घरात सोनोग्राफीच्या कागदावर गुणाकार चालू होतील.

पहिली गोष्ट, माप चुकू शकते. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत प्रोस्टेटचे माप थोडे इकडेतिकडे होते. गुदद्वारातून केलेली सोनोग्राफी किंवा एमआरआय जास्त नेमके माप देते. तात्यांचे आकारमान २२ ऐवजी २८ धरले तरी भागाकार ०.१७ च्या पुढेच येतो, म्हणून तिथे शंका टिकली. पण ज्याचा भागाकार ०.१४ आणि ०.१६ च्या मध्ये लोंबकळतो, त्याने त्यावरून ना घाबरावे, ना निर्धास्त व्हावे.

दुसरी गोष्ट, गोळ्या. प्रोस्टेट आकसावी म्हणून फिनास्टेराईड किंवा ड्युटास्टेराईड या औषधांच्या गोळ्या देतात. त्या सहा महिने घेतल्या की पीएसए साधारण निम्म्यावर येते. ग्रंथी मात्र त्या मानाने थोडीच लहान होते. म्हणजे भागाकार खोटाच कमी दिसतो. पुष्कळ माणसे वर्षानुवर्षे ‘प्रोस्टेटची गोळी’ घेतात आणि तिचे नाव सांगत नाहीत. तपासणीला जाताना गोळ्यांचे पाकीट बरोबर न्यावे, म्हणजे डॉक्टर आकडा दुप्पट धरून हिशेब करतील.

तिसरी गोष्ट, पीएसए फार वर गेले, समजा ४० किंवा १००, आणि जंतू नाहीत, लघवी तुंबलेली नाही, तर तिथे भागाकार करत बसायचे नाही. थेट पुढची तपासणी.

चौथी गोष्ट, घनता हा एक साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. बोटाची तपासणी, एमआरआय, वय, घरात वडिलांना किंवा भावाला हा रोग झाला होता का, हे सारे मिळून निर्णय होतो. एमआरआयमध्ये संशयाच्या जागेला १ ते ५ असे गुण देतात. ४ किंवा ५ आले तर घनता कमी असली तरी सुईची तपासणी करतात. ३ आले, म्हणजे धड हो नाही आणि धड नाही नाही, अशा वेळी घनता खरी उपयोगी पडते. ती ०.१० च्या खाली असली तर सुई बहुधा टाळता येते. मामंजींची ०.१२ होती, पण एमआरआय स्वच्छ होता, म्हणून डॉक्टरांनी थांबायचे ठरवले आणि सहा महिन्यांची तारीख दिली. ती तारीख मात्र पाळायची. पाटाचा पाझर एकदा बघून चालत नाही.

आता मामंजींचा आकडा निघाला म्हणून तात्यांचे झाले. पण मग धडधाकट माणसाने पीएसए तपासावे का? यावर जगभर वाद झाला. युरोपात १९९३ साली सुरू झालेल्या मोठ्या पाहणीचा तेवीस वर्षांचा हिशेब २०२५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना तपासणीला बोलावले त्यांच्यात प्रोस्टेटच्या कॅन्सरने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी झाले. दर ४५६ माणसांना बोलावले तेव्हा एक मृत्यू टळला. म्हणजे फायदा खरा आहे, पण तो सरसकट लुटून आणण्याइतका मोठा नाही. आपल्या देशात सरकारी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयाचे तोंड या तीन कॅन्सरची तपासणी करतात, प्रोस्टेटची करत नाहीत. तेव्हा पन्नाशी ते सत्तरीच्या माणसाने डॉक्टरांशी बोलून ठरवावे. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला हा रोग झाला असेल तर पंचेचाळिशीपासूनच विचारावे. तात्यांच्या मुलांनी हे लक्षात ठेवावे. पंच्याहत्तरीच्या पुढे, काही तक्रार नसेल तर, सहसा तपासत नाहीत.

आपल्याकडे खरी अडचण वेगळी आहे. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. खेड्यांत प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या नोंदी शहरांपेक्षा कमी, असे तिथे दिसले. त्याचा आनंद जरूर मानावा. पण जे रोगी येतात त्यांतले बरेच उशिरा येतात. पाठ दुखते, कंबर दुखते, माणूस म्हणतो नांगरटीने दुखते, उसाच्या मोळीने दुखते. मालीश होते, पट्टा बांधतात, सुया घेतात. पुष्कळदा खरेच कामाचे दुखणे असते. पण साठीच्या पुढच्या माणसाची पाठ रात्री झोपेतही दुखत असेल, विश्रांतीने कमी होत नसेल, वजन उतरत असेल, तर एकदा पीएसए बघावे. या रोगाला हाडांत घर करायची खोड आहे. आणि पायांतली शक्ती अचानक कमी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, उद्यावर टाकू नये.

तिथवर गेला तरी सगळे संपले असे नाही. पुरुषी संप्रेरक बंद केले की हा रोग दबतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी दाखवले आणि त्याबद्दल त्यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आजही इंजेक्शनने किंवा लहानशा शस्त्रक्रियेने तेच करतात आणि माणसे पुढे काही वर्षे हिंडतात-फिरतात. पण लवकर सापडलेल्याची गोष्ट निराळी. काही वेळा तर रोग इतका मंद असतो की डॉक्टर इलाजही करत नाहीत, नुसती नजर ठेवतात. त्या नजरेतही घनतेचा आकडा कामाला येतो.

काय करावे

१. लघवीची धार बारीक होणे, रात्री दोनतीनपेक्षा जास्त वेळा उठणे, थेंब थेंब होणे, लघवीत रक्त दिसणे, यांतले काहीही असेल तर ‘वय झाले’ म्हणून सोडू नये.

२. लघवीत जंतू, ताप किंवा जळजळ असताना, नळी असताना किंवा नुकतीच काढली असताना पीएसएवरून निवाडा करू नये. तपासणीआधी दोन दिवस पतिपत्नीसंबंध टाळावा आणि सायकलची लांब रपेट करू नये.

३. आकडा वाढलेला आला तर घाबरून लगेच सुईची तपासणी मागू नये. आधी तो पुन्हा तपासावा, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत.

४. डॉक्टरांना सरळ विचारावे, “माझी प्रोस्टेट किती सीसीची आहे? घनता किती येते?” विचारण्यात अपमान नाही, त्यांचा नाही आणि आपलाही नाही.

५. सारे कागद तारखेने एका पिशवीत ठेवावेत. टोपीत ठेवू नयेत.

६. कॅन्सर ठरला तर जमीन विकण्याआधी महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करावी. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला रेशनकार्ड आणि आधार दाखवावे. जिल्ह्यात लोणीला आणि विळद घाटात वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कॅन्सर रुग्णालय आणि १९४१ पासून चालत आलेले मुंबईचे टाटा रुग्णालय, हेही आपल्याच माणसांसाठी आहेत.

जाता जाता एक आठवण. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले. गावातल्या बायकांना, त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती, त्यांनी पोरांची वजने करायला, बाळंतपणातला धोका ओळखायला शिकवले. १९७९ साली त्या कामाला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आरोग्याचे ज्ञान चार भिंतींत ठेवायचे नसते, ते चुलीपर्यंत जायला हवे, हा त्या कामाचा धडा. राहुरीच्या आमच्या ताईंनी तो न सांगता गिरवला. बाजाराचा हिशेब, डेअरीचा हिशेब ज्या वहीत त्या करतात, त्याच वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी हा भागाकार केला, असे त्यांनी पत्राच्या ताज्या कलमात लिहिले आहे.

तात्यांच्या उपचाराचे काय ठरले ते त्या कळवणार आहेत. तोवर ज्यांच्या घरात असा एखादा कागद घडी करून ठेवलेला असेल, त्यांनी तो आज संध्याकाळी काढून उजेडात बघावा.